पणाला लावलेली कलाकृती : द्यूत, कलगी-तुरा आणि गंजिफा

१

'पण' हा शब्द संस्कृतात डाव, मोबदला आणि नाणे अशा तिन्ही अर्थांनी वापरलेला आढळतो. मराठीत त्याला प्रतिज्ञेचाही अर्थ आहे. जो पण लावतो तो काही वस्तू धोक्यात घालतो, तिचे मोल ठरवतो आणि हरल्यास ती देण्याचे वचनही देतो. ह्या तीन क्रिया एकाच शब्दात सामावल्या आहेत, ही गोष्ट कलाविचाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे. कलावंतांनी एकत्र बसावे, स्वतःच्या कलाकृती पणाला लावून पत्त्यांचा डाव मांडावा, हरणाऱ्याने आपली कृती जिंकणाऱ्याच्या हवाली करावी आणि हा डाव हीच एक कलाकृती मानली जावी, ही कल्पना आधुनिक प्रयोगकलेतली आहे. परंतु तिच्यामागचा प्रश्न आधुनिक नाही. कलाकृती पणाला लावण्यासाठी ती प्रथम कोणाच्या तरी मालकीची असावी लागते. ती नेमकी कोणाची असते, आणि ती हरली म्हणजे काय हरले, हा प्रश्न भारतीय साहित्यात व लोकपरंपरेत तीन ठिकाणी तीन प्रकारे उपस्थित झाला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

२

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त जुगाऱ्याचे आहे. त्यात हरलेल्या माणसाची व्यथा आहे. परंतु पणाला लावलेल्या वस्तूवरील अधिकाराची चर्चा तेथे नाही. ती महाभारताच्या सभापर्वात आहे. तेथे दुर्योधन धन पुरवतो आणि शकुनी त्याच्या वतीने खेळतो. खेळणारा एक आणि पण लावणारा दुसरा, हा प्रकार युधिष्ठिराला विषम वाटतो, तरी तो खेळतो. प्रथम रत्ने, रथ, दासदासी, हत्ती जातात. मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम. मग तो स्वतः, आणि शेवटी द्रौपदी.

द्रौपदी निरोप्याला जो प्रश्न विचारते तो कायद्याचा आहे : युधिष्ठिर आधी स्वतःला हरला, की आधी तिला? जो स्वतःचा राहिला नाही, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? विकर्ण तिची बाजू घेतो. भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून निर्णय टाळतो. ह्या प्रसंगाचे नैतिक विवेचन विपुल झाले आहे. येथे त्यातील एकच अंग घ्यावयाचे आहे. पण हा 'मी' आणि 'माझे' यांच्यातील संबंध उघड करणारा विधी आहे. वस्तू पणाला लागेपर्यंत ती माझी आहे हे गृहीत असते. पणाला लागताच ते सिद्ध करावे लागते. नलोपाख्यानातील नल राज्य हरतो, पण पुष्कराने सुचवूनही दमयंतीला पणाला लावत नाही. युधिष्ठिराने जी मर्यादा ओलांडली, ती नलाने फासे चढलेले असतानाही ओळखली.

३

ह्याच प्रश्नाचे काव्यक्षेत्रातील रूप कलगी-तुऱ्यात दिसते. दोन पक्षांपैकी तुरेवाले शिवाचे, म्हणजे पुरुषतत्त्वाचे, श्रेष्ठत्व सांगतात. कलगीवाले शक्तीचे, म्हणजे प्रकृतीचे. परंपरेची आख्यायिका मध्य प्रदेशातील चंदेरीशी जोडलेली आहे : तुकनगीर आणि शाह अली ह्या दोघांच्या वादावर प्रसन्न होऊन तेथील राजाने एकाला तुरा व दुसऱ्याला कलगी दिली. आख्यायिकेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, तिचा आशय स्पष्ट आहे. वादाचे चिन्ह हे राजाच्या शिरोभूषणाचा भाग आहे; ते मिळवावे लागते, आणि मिळवलेले राखावे लागते. कोकणात ही परंपरा जाखडीच्या अंगाने शक्ती-तुरा ह्या नावाने आजही चालू आहे.

भेदिक लावणीतील सवाल म्हणजे केवळ कोडे नव्हे. एका फडाने पुराणातला किंवा अध्यात्मातला प्रश्न पद्यात बांधून टाकावा आणि समोरच्या फडाने त्याचे उत्तर पद्यातच, शक्यतो त्याच चालीवर द्यावे, अशी येथे अपेक्षा असते. उत्तर न सुचणे म्हणजे श्रोत्यांदेखत हार. शाहिराचे पाठांतर, पुराणांची जाण, छंदावरील पकड, आवाज, आणि त्याच्या गुरुपरंपरेची प्रतिष्ठा ही सगळी त्या घटकेला पणाला लागलेली असतात. येथे हातातून जाणारी वस्तू नाही. जाते ते नाव.

म्हणूनच शाहिरी रचनेत नाममुद्रेला असाधारण महत्त्व आहे. रचनेच्या अखेरीस येणारे नाव हे आत्मप्रौढीचे नसून उत्तरदायित्वाचे चिन्ह आहे : हा सवाल कोणाचा, ह्या उत्तराची जबाबदारी कोणाची, हे ते सांगते. सोलापूरच्या राम जोशांची 'कविराय' ही मुद्रा सर्वपरिचित आहे. होनाजी बाळा हे तर जोडनाव. होनाजी रचना करणारा आणि बाळा करंजकर गाणारा. रचना हरली तर कोण हरला, लिहिणारा की गाणारा? जोडनावाने त्याचे उत्तर आधीच दिले आहे : दोघे. सभापर्वात खेळणारा आणि पण लावणारा वेगळे होते आणि त्यातूनच अनर्थ झाला. फडावर त्या दोघांना एका नावात बांधून घेतले गेले.

४

तिसरे उदाहरण पत्त्यांचेच आहे, आणि ते पहिल्या दोहोंच्या उलट आहे. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फज़लने आईन-इ-अकबरीत अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या गंजिफेचे वर्णन केले आहे. पुढे रूढ झालेल्या मुघल गंजिफेत आठ रंग व शहाण्णव पाने असतात; दशावतारी गंजिफेत दहा रंग व एकशेवीस पाने. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. अर्ध्या रंगांत दहाचे पान मोठे, तर अर्ध्यांत क्रम उलटा होऊन एक्का मोठा. हुकूम नाही. तिघे खेळतात, दशावतारीत प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात, आणि कोणते पान खेळून झाले हे स्मरणात ठेवणाऱ्याचीच सरशी होते. मुघल गंजिफेत दिवसा सुर्खाची आणि रात्री सफेदाची उतारी; दशावतारीत दिवसा रामाची.

महाराष्ट्रात ह्या कलेचे केंद्र सावंतवाडी. चिताऱ्यांनी कापडाला चिंचोक्याची खळ लावावी, त्यावर खडूचा थर द्यावा, घोटून गुळगुळीत करावे, गोल पाने कापून रंगवावीत आणि लाखेचा लेप द्यावा, अशी जुनी रीत. दरबारासाठी बारीक कलमाची पाने होत आणि बाजारासाठी साधी. एकोणिसाव्या शतकात छापील बावन्न पानांचा युरोपीय जोड आला आणि गंजिफा मागे पडली. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वाड्यातच चिताऱ्यांना बसवून ही कला पुन्हा चालू केली. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळाले.

ह्या पानांवर चिताऱ्याचे नाव नसते. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू अशी चिन्हे ठरलेली आहेत. कल्पकतेला वाव आहे तो रेषेत आणि रंगसंगतीत. चिताऱ्याची कृती डावात उतरते, पण पणाला लागते ती खेळणाऱ्यांची रक्कम. शाहीर स्वतःची रचना स्वतः धोक्यात घालतो. चितारी इतरांच्या धोक्यासाठी पट तयार करून देतो. नाममुद्रा नसलेली कृती तिच्या कर्त्याला पणाला लावता येत नाही, कारण ती त्याची आहे असे सांगणारी खूणच तिच्यावर नाही.

येथे जबलपूर जिल्ह्यातील मझौलीच्या विष्णुवराह मंदिराची तुलना उद्बोधक ठरते. तेथील वराह पशुरूपात आहे. गंजिफेच्या पानावरील वराहराजा बहुधा वराहमुख आणि मानवी देहाचा. अवतार एकच, पण दोन्ही प्रतिमांचे जीवन भिन्न. मंदिरातील मूर्ती स्थिर आहे आणि भारतीय न्यायव्यवस्थेने देवतेला स्वतःच मालमत्ता धारण करणारी विधिमान्य व्यक्ती मानले आहे; ती कोणाची नसल्यामुळे कोणालाच पणाला लावता येत नाही. पानावरचा वराह मात्र पिसला जातो, वाटला जातो, टाकला जातो आणि दुसऱ्याच्या ढिगात जाऊन पडतो. तरीही त्यात अवमान मानला गेला नाही. अवताराच्या कल्पनेतच उतरण्याची क्रिया आहे. पटावर उतरणे हा तिचाच एक प्रकार मानण्याइतकी ती परंपरा उदार होती.

५

आधुनिक कलेत पण आणि नाव यांची गाठ पुन्हा जाणीवपूर्वक घातली गेली. मार्सेल द्युशाँने १९२४ साली मोंते कार्लोच्या रूलेटवर खेळण्यासाठी पाचशे फ्रँकचे रोखे काढले. त्यांवर त्याची स्वतःची आणि त्याने धारण केलेल्या रोझ सेलावी ह्या स्त्रीनामाची, अशा दोन्ही सह्या होत्या. रोखा हीच कलाकृती, आणि तिचे मोल खेळातील नशिबावर टांगलेले. १९४०-४१ च्या सुमारास मार्सेय येथे अडकून पडलेल्या अतिवास्तववादी चित्रकारांनी प्रेम, स्वप्न, क्रांती आणि ज्ञान अशा चार रंगांचा पत्त्यांचा जोड रचला; युद्धकाळात राजे-राण्यांची जागा त्यांनी आपल्या मानसपूर्वजांना दिली.

मुंबईत ह्या दोन जगांना जोडणारी व्यक्ती म्हणजे रूडॉल्फ फॉन लायडन. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा हा खंदा समर्थक, टाइम्स ऑफ इंडियातील कलासमीक्षक, गंजिफेचा मोठा संग्राहकही होता. म्हैसूरच्या पत्त्यांवरील त्याचे पुस्तक १९७३ साली आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातील प्रदर्शनाचा ग्रंथ १९८२ साली आला. चित्राखालील सहीला सर्वस्व मानणाऱ्या आधुनिकांचा हा पुरस्कर्ता निनावी चिताऱ्यांची पाने जपत होता, ही विसंगती नव्हे. सही असलेली आणि नसलेली कृती ह्यांतील अंतर त्याच्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल.

६

वरील तीन उदाहरणांतून एक निष्कर्ष निघतो. कलावंत स्वतःची कृती पणाला लावतो तेव्हा तो तिची किंमत करीत नाही. ती आपली आहे हे जाहीर करतो, आणि त्याच क्षणी ते आपलेपण सोडून देण्याची तयारीही दाखवतो. जिंकणाऱ्याकडे गेलेल्या चित्रावर सही हरणाऱ्याचीच राहते. मालकी हस्तांतरित होते, कर्तृत्व होत नाही. द्रौपदीच्या प्रश्नाला व्यास जे उत्तर देत नाहीत, त्याची एक बाजू येथे दिसते : काही संबंध असे आहेत, की ते हरता येत नाहीत.

ह्या निष्कर्षाचा संपादनाशीही निकटचा संबंध आहे. शाहिरी वाङ्मयाच्या संग्रहांत सवाल एका शाहिराच्या नावाखाली आणि जवाब दुसऱ्याच्या नावाखाली, वेगवेगळ्या पानांवर छापले गेले, तर रचना वाचकाच्या हाती येते, पण तिचा पण हरवतो. सवाल सुटा वाचला की तो विद्वत्तेचे प्रदर्शन वाटतो. जवाब सुटा वाचला की तो दुर्बोध होतो. संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या गंजिफेची अवस्था हीच आहे : एकशेवीस पाने सुरक्षित, परंतु कोणते पान कोणाला मारते हे पाहणाऱ्याला ठाऊक नाही. भेदिक लावण्यांच्या आवृत्ती सवाल-जवाबाच्या जोडीने, चालीच्या निर्देशासह आणि कोणत्या फडाची कोणाशी गाठ होती ह्या माहितीसह सिद्ध होणे म्हणूनच अगत्याचे आहे. ज्या कवितेने जाणूनबुजून हरण्याचा धोका पत्करला, तिचे मूल्यमापन तो धोका वगळून करणे हा तिच्यावर अन्याय होईल.