बोटाच्या पेराएवढं

चि. सोनूस,


काल फोनवर तू रडवेली झाली होतीस, म्हणून जास्त बोलले नाही. पिल्लू रात्रभर कोपराची खोबण ओरबाडतं, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात, आणि डॉक्टरांनी दिलेली मोमेटासोनची ट्यूब दोन महिने झाले तरी जवळजवळ भरलेली! म्हणे, "स्टेरॉइड आहे ना मावशी, मोहरीएवढंच लावते, तेही दिवसाआड."

अगं, मोहरीएवढ्याने एक्झिमा नुसता धुमसत राहतो. जे काम आठ-दहा दिवसांत उरकलं असतं, ते तू महिनोन्‌महिने रेंगाळवलंस.

माप सांगते. तुझ्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलम पिळ. ते झालं साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला, बोटं धरून, तेवढं पुरतं. पिल्लूचे दोन्ही कोपर आणि गुडघ्यांच्या लवणी मिळून तेवढीच जागा भरेल. दिवसातून एकदाच. या हिशेबाने दहा ग्रॅमची ट्यूब वीस दिवसांत संपते. तुझी कशी उरली ते तूच बघ.

थांबायचं कधी, ते डोळ्यांनी नाही, बोटांनी ठरव. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसतच नाही. खरखर जाऊन जागा मऊ लागली, खाज थांबली, की बंद. पंधरा दिवसांत तसं झालं नाही तर डॉक्टरांकडे जा, आपल्या मनाने लांबवू नकोस. मागे काळपट डाग राहील. तो ट्यूबने पडलेला नसतो, एक्झिम्याचाच असतो, हळूहळू जातो. त्यावर ट्यूब चोळू नकोस. साधं मॉइश्चरायझर मात्र रोज, कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच, हात राखून नको. मलम त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी.

चेहऱ्यावर, पापण्यांवर, लंगोटाच्या जागी ही ट्यूब नाही. तिथली कातडी पातळ, औषध फार मुरतं. वरून डायपर बांधला तर आणखीच.

तुझी भीती मला खोटी वाटत नाही. उलट ती मीच पेरली असेल. तीस वर्षं मेडिकल चालवलं, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं "खाजेची ट्यूब द्या" म्हणणाऱ्याला चिठ्ठी न मागता दिली. एक कंडक्टर होता. जांघेत नायटा. त्याला क्लोबेटासोल, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब लागायची. लावली की दोन दिवसांत खाज गायब, म्हणून खूश. पण स्टेरॉइडने खाज दबते, बुरशी दबत नाही, आतल्या आत पसरते. नायट्याची ती ओळखीची गोल कडाही पुसट होते, मग डॉक्टरही चकतात. वर्षाने त्याने मांड्या दाखवल्या. पोट वाढलेल्या बाईला पडतात तशा रुंद रेघा. त्या कधीच गेल्या नाहीत. तो मला काही बोलला नाही, हेच जास्त लागलं.

2018 साली सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं केलं. तरी मिळतात, तुला ठाऊक आहे. म्हणून जावईबापूंना सांग, पिल्लूची ट्यूब त्यांच्या जांघेच्या खाजेला नाही. आणि तुझ्या नणंदेची ती "गोरं करणारी" क्रीम, तिच्यावरची बारीक अक्षरं वाच. मोमेटासोन किंवा बीटामेथासोन दिसलं तर तिला त्वचारोगतज्ज्ञाकडेच पाठव. बरेच महिने लावत असेल तर एकदम सोडल्यावर चेहरा पेटतो, तिला घाबरायला होईल.

टक्क्यांवर जाऊ नकोस हं. क्लोबेटासोल 0.05 टक्के हे हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्क्यापेक्षा कितीतरी जहाल. शेजारणीने "हे तर कमी टक्क्याचं" म्हणून दिलेली ट्यूब परत कर.

आज रात्रीपासून सुरू कर, आणि ट्यूबवर पेनने तारीख घाल. रविवारी मी येतेच आहे. आधी पिल्लूचे कोपर बघेन, मग ट्यूब.

तुझी
मावशी