डेटाबेसमधला तक्ता लहान-मोठा का दिसतो? आधी नोंदी मोजा!



2015 मध्ये 'सरल' आलं, पुढे यू-डायस प्लस. नोंदी संगणकावर ठेवणं आता आपल्या अंगवळणी पडलंय. समजा, तुमच्या शाळेची हजेरी मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये आहे. तो तक्ता, म्हणजे टेबल, नव्या संगणकावर नेला. जुना दिसतो 60 एमबी, नवा 25 एमबी. मनात लगेच येतं, "लेकरांची माहिती गेली की काय?" घाबरू नका. आधी कारणं बघू.

1. मोकळी जागा : आमच्या वालूरची बारव डोळ्यासमोर आणा. पाणी खाली गेलं म्हणून बारव लहान होत नाही. तसंच जुन्या वर्षांच्या नोंदी पुसल्या तरी फाइल सहसा तेवढीच राहते. रिकामी जागा पुढच्या नोंदींना वापरली जाते. नवी प्रत मात्र असलेल्या नोंदींपुरतीच बनते.

2. इंडेक्स : पुस्तकामागच्या सूचीने शोधणं सोपं होतं, पण पानंही वाढतात. एका तक्त्यावर इंडेक्स जास्त असतील तर तो मोठा दिसणारच.

3. लिपी : यूटीएफ-8 मध्ये 'वालूर' लिहायला 15 बाइट लागतात. व, काना, ल, दीर्घ उकार, र अशी 5 चिन्हं, प्रत्येकी 3 बाइट. हेच नाव रोमन लिपीत 5 बाइटमध्ये बसतं. एका तक्त्यात नावं मराठीत आणि दुसऱ्यात रोमनमध्ये असतील तर फरक पडतो.

मग तपासायचं कसं?

- दोन्हीकडे 'सिलेक्ट काउंट' चालवून नोंदी मोजा. इनोडीबी तक्त्याच्या माहितीत आपोआप दिसणारा नोंदींचा आकडा अंदाजे असतो, त्यावर विसंबू नका.
- वर्गनिहाय आणि महिनानिहाय मोजणी जुळवा.
- दहा-बारा मुलांची हजेरी प्रत्यक्ष ताडून पहा.

सगळं जुळलं तर फरक फक्त जागेचा आहे. जुळलं नाही तर जुनी प्रत अजिबात पुसू नका. आणि हो, आकार सारखा दिसला म्हणूनही निर्धास्त राहू नका. मोजणी तेव्हाही करायचीच.

जुना तक्ता आटोपशीर करायचा असेल तर आधी बॅकअप घ्या, मग शाळा सुटल्यावर 'ऑप्टिमाइज टेबल' चालवा.

उपस्थिती भत्त्यासारख्या योजनेत हजेरीचा एकेक दिवस मोजला जातो. म्हणून एमबी नंतर बघा, आधी लेकरांच्या नोंदी मोजा.