इंजेक्शन दिल्यानंतर

इंजेक्शन देऊन झाले की काम संपले असे वाटते. परंतु परिचारिकेच्या दृष्टीने धोक्याचा क्षण पुष्कळदा त्यानंतरच येतो. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसविताना नेम किंचित चुकला, तरी सुई दुसऱ्या हाताच्या बोटात शिरते. आणि तिच्या पोकळीत रुग्णाचे रक्त राहिलेले असते.

लोक धास्तावतात ते एड्सच्या विषाणूला. वस्तुतः बाधित रक्ताची सुई टोचल्यास त्याचा संसर्ग हजारात सुमारे ३ जणांनाच होतो. ‘ब’ प्रकारच्या यकृतदाहाचा संसर्ग मात्र, लस घेतलेली नसल्यास, शेकडा ३० पर्यंत जाऊ शकतो. आणि लस तर १९८२ पासून उपलब्ध आहे!

सुई टोचताच जागा साबण व पाण्याने धुवावी, पिळू नये. एड्सप्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत, सुरू करून २८ दिवस घ्यावयाची असतात. वरिष्ठांच्या धाकाने अपघात लपविल्यास हीच मुदत हातची जाते.

भारतातील २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार सुया छेद न जाणाऱ्या पांढऱ्या, अर्धपारदर्शक डब्यात टाकावयाच्या असतात. त्या साध्या पिशवीत गेल्या, तर ज्याने कधी इंजेक्शन दिलेले नाही, त्या सफाई कामगाराच्या हातात शिरतात.