एक तबकडी, दोन प्रणाली : विभागांचे बिघाड कसे ओळखावेत

एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली ठेवणे वरच्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थ्यांना आवडते. यंत्र सुरू करताच पडद्यावर दोन नावे दिसतात व हवी ती निवडता येते. परंतु एखादे दिवशी त्यांतील एक नाव दिसेनासे होते, किंवा तबकडीचा एक संपूर्ण विभागच नाहीसा होतो, आणि घरातील मंडळी सारे काही गेले असे समजून कपाळाला हात लावतात. वस्तुतः त्या घटकेस बहुधा फारसे काही गेलेले नसते. जे जाते ते पुढच्या घाईत जाते.

हे समजण्यास शेताच्या वाटणीचा दृष्टांत उपयोगी पडेल. दोन भावांच्या शेतांमध्ये बांध असतो, आणि त्याची नोंद तलाठ्याच्या, आमच्या इंदूर-ग्वाल्हेरकडे पटवाऱ्याच्या, दप्तरी असते. तबकडीवर मात्र बांध नसतोच. असते ती केवळ नोंद. ही नोंद फाटली म्हणून शेतातील पीक जळत नाही.

जुन्या पद्धतीत, जिला एम. बी. आर. म्हणतात, ही नोंद तबकडीच्या पहिल्या ५१२ बाइटांत असते. त्यांपैकी ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या छोट्या आज्ञावलीसाठी, ६४ बाइट विभागांच्या कोष्टकासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. एका विभागास १६ बाइट लागतात, म्हणून मुख्य विभाग चारच मावतात. अधिक हवे असल्यास चारांतील एकास ‘विस्तारित’ ठरवून त्याच्या पोटात उपविभाग करावे लागतात. या उपविभागांची नोंद साखळीसारखी असते. एक कडी तुटली की पुढचे सारे अदृश्य होतात. नव्या जी. पी. टी. पद्धतीत साधारणतः १२८ विभागांची सोय असते, आणि कोष्टकाची दुसरी प्रत तबकडीच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. एक प्रत बिघडली तर दुसरीवरून ती पुन्हा लिहिता येते.

आता नेहमीच्या तक्रारी पाहू. विंडोज पुन्हा बसविले आणि लिनक्सचे नाव गेले, ही सर्वांत सामान्य तक्रार. येथे लिनक्सचा विभाग जागच्या जागी असतो. जुन्या पद्धतीत विंडोजने त्या ४४६ बाइटांत आपली आज्ञावली लिहिलेली असते, एवढेच. लिनक्सच्या पेन-ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून ‘ग्रब’ हा आरंभक पुन्हा बसविला की काम होते. यू. ई. एफ. आय. असलेल्या नव्या यंत्रांत कित्येकदा आरंभाचा क्रम बदलणे पुरेसे होते.

दुसरी तक्रार अधिक घातक. विंडोजला लिनक्सची ई. एक्स. टी. ४ ही मांडणी सहसा वाचता येत नाही. म्हणून त्या विभागास चुकून अक्षर दिले गेले की विंडोज विचारते, ‘हा विभाग वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा काय?’ आमच्या मते हा प्रश्न विचारण्याची रीतच सदोष आहे. परकी लिपी वाचता येत नाही म्हणून वही कोरी आहे असे कोणी म्हणत नाही. येथे ‘नाही’ हेच उत्तर द्यावे.

तिसरी तक्रार जुन्या पद्धतीतील उपविभागांची. पाचवा विभाग पुसला की सहाव्याचा क्रमांक पाच होतो. ग्रब जुना क्रमांक शोधत राहते आणि एका ओळीच्या काळ्या पडद्यावर थांबते. म्हणून हल्ली विभाग क्रमांकाने न ओळखता यू. यू. आय. डी. या लांबलचक खुणेने ओळखतात. विंडोजचा विभाग लिनक्समध्ये केवळ वाचता येतो, लिहिता येत नाही, ही तक्रार तर विभागाची नव्हेच. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘जलद आरंभ’ नावाची सोय आली. तिच्यामुळे यंत्र बंद केले तरी विंडोज अर्धवट निद्रेत असते. ती सोय बंद करावी.

नोंद खरोखरच पुसली गेली असेल, तर पहिला नियम असा की त्या तबकडीवर काहीही लिहू नये. जमल्यास संपूर्ण तबकडीची प्रत दुसऱ्या, मोठ्या तबकडीवर घ्यावी. मात्र मूळ कोणती व प्रत कोणती हे आज्ञा देण्यापूर्वी दोनदा पाहावे, कारण उलट झाले तर उपाय नाही. मग ‘टेस्टडिस्क’ हा विनामूल्य कार्यक्रम चालवावा. प्रत्येक विभागाच्या आरंभी त्याच्या मांडणीच्या ठराविक खुणा असतात. त्या हुडकून तो हरवलेल्या सीमा दाखवितो. विंडोज एक्सपीच्या काळातील पहिला विभाग बहुधा ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून, तर व्हिस्टानंतरचा २०४८ पासून सुरू होतो, हेही ध्यानात असू द्यावे. सापडलेल्या विभागातील फायलींची यादी आधी डोळ्यांनी पाहावी. ती नीट दिसली तरच नवे कोष्टक लिहावे.

एस. एस. डी. असलेल्या यंत्रांत मात्र विभाग फॉरमॅट केला की ‘ट्रिम’ या आज्ञेने रिकामी ठरलेली जागा आतूनच पुसली जाऊ शकते. तेथे फाटलेल्या दप्तराबरोबर पीकही जाते, आणि टेस्टडिस्कच्या हाती काही लागत नाही. कोष्टक शाबूत असताना सर्व विभागांचे आरंभ व शेवटचे सेक्टर वहीत उतरून ठेवण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. आणि फायलींची प्रत दुसऱ्या तबकडीवर असल्यास वहीचीही गरज पडत नाही.