विषाचें भांडें व लेंकराचें तोंड

पिंपरी-चिंचवडच्या परिसरांत शेत व कारखाना हे आतां शेजारी झाले आहेत. चाकणकडे कांदा होतो, मावळांत भात होतो, आणि त्याच घरांतील लेकी-सुना सकाळीं कारखान्याच्या गाडीनें कामास जातात. मागें राहिलेलें मूल अंगणवाडींत, पाळणाघरांत किंवा आजीपाशीं असतें. रांगूं लागल्यापासून पुढें कांहीं वर्षें मूल हातीं येईल ती वस्तु तोंडांत घालतें. तो त्याचा दोष नव्हे. वस्तु ओळखण्याची ती त्याची रीत आहे. म्हणून सावधगिरीचा भार वडील माणसांवर आहे.

दिनांक १६ जुलै २०१३ रोजीं बिहारांतील सारण जिल्ह्यांत, गंडामन गांवच्या प्राथमिक शाळेंत दुपारचें जेवण जेवून २३ मुलें मृत्यु पावलीं. तपासणींत अन्नांत व तेलांत मोनोक्रोटोफॉस हें पिकांवर फवारण्याचें कीटकनाशक आढळलें. तेलाच्या डब्यांतही त्याचा अंश होता. तेल बरोबर दिसत नाहीं, असें स्वयंपाकिणीनें सांगितलें होतें. तथापि जेवण थांबलें नाहीं. ही गोष्ट दूरची म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. विष अन्नाच्या भांड्यांत गेलें, किंवा अन्न विषाच्या भांड्यांत गेलें, कीं शहाण्या माणसासही तें ओळखूं येत नाहीं. मग मुलास कसें यावें?

प्रस्तुत लेखकानें हें जवळून पाहिलें आहे. आमच्या बाजूच्या एका पाळणाघरांत मोरी धुण्याचें ऍसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलींत भरून ठेवलें होतें. तीन वर्षांच्या एका तहानलेल्या मुलानें ती बाटली तोंडास लावली. तेथील बाई प्रेमळ होत्या. त्यांनीं घाबरून मीठपाणी पाजून उलटी करविली. जें ऍसिड जातांना घसा भाजीत गेलें, तेंच येतांना पुन्हां भाजीत आलें. मूल वांचलें, परंतु पुष्कळ महिने त्यास घांस गिळतांना त्रास होई. त्या संध्याकाळीं मीं आमची पडवी पाहिली, तों फवारणीच्या औषधाची उरलेली बाटली नातवाच्या खेळण्यांशेजारीं होती. तीस वर्षें सरकारी दप्तर कुलपांत ठेवणाऱ्याच्या घरीं ही स्थिति! तेव्हांपासून आम्हीं पाळलेले नियम वाचकांपुढें ठेवितों.

(१) विष मूळ बाटलींतच, चिठ्ठीसह ठेवावें. कीटकनाशकाच्या बाटलीवरील त्रिकोण पाहावा. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. परंतु हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक असें मुळींच समजूं नये.

(२) औषधें, रॉकेल, ऍसिड, फिनेल, उंदराचें औषध व डांबराच्या गोळ्या उंचावर, कुलपांत ठेवाव्या. किल्ली एका जबाबदार माणसाकडे असावी. देवघरांतील कापूरही त्यांतच जमा धरावा. थोड्याशा कापरानेंही लहान मुलास झटके येऊं शकतात.

(३) औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी तेल, धान्य किंवा पाणी भरण्यास घेऊं नये. भोंकें पाडून निकामी करावा.

(४) बाळंतिणीस मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मुलास खाऊसारख्या दिसतात व अधिक पोटांत गेल्यास प्राणघातक ठरतात. औषध देतांना "हा खाऊ आहे" असें कधींही सांगूं नये.

(५) कुंपणाचा मोगली एरंड, धोत्रा व कण्हेर मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ नसावीं. मोगली एरंडाची बी चवीस शेंगदाण्यासारखी लागते, म्हणून मुलें ती खातात व उलट्या-जुलाबांनीं हैराण होतात.

(६) अंगणवाडींत अन्न वाढण्यापूर्वीं वडील माणसानें पाहावें, हुंगावें व चाखावें. संशय आल्यास टाकून द्यावें. टाकलेल्या अन्नाची भरपाई होते.

इतकें करूनही प्रसंग आलाच, तर उलटी करवूं नये व मीठपाणी पाजूं नये. रॉकेल उलटींतून फुप्फुसांत उतरतें, आणि तेंच अधिक घातक होय. तोंडांतील उरलेला अंश पुसून काढावा. अंगावर औषध सांडलें असल्यास कपडे उतरवून अंग साबणानें धुवावें. मूल बेशुद्ध असल्यास कुशीवर निजवावें. १०८ या क्रमांकावर गाडी मागवावी, आणि बाटली, गोळीचें पाकीट किंवा झाडाची फांदी सोबत न्यावी. त्यावरून डॉक्टरांस उपाय ठरवितां येतो. तोंडास लाळ, अंगास घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक व धाप, हीं कीटकनाशकाच्या बाधेचीं लक्षणें होत. लक्षण दिसत नसलें तरी मूल दाखविलेंच पाहिजे.

वाचकांनीं हा अंक खालीं ठेवतांच आपली पडवी व मोरी पाहावी, आणि उद्यां मूल पोंचवावयास जातांना पाळणाघराचीही पाहावी. या कामास एक कुलूप व थोडा वेळ लागतो. अधिक कांहीं लागत नाहीं.