ओळखीचे दुकान आणि नियमाचे दुकान : अमेरिकेतील बंदूकविक्रीचा एक अभ्यास
(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

अर्थशास्त्राच्या तासाला किरकोळ व्यापाराचे प्रकरण चालू असता सरांनी वर्गाला एक प्रश्न विचारला होता, "मोठ्या दुकानांपुढे लहान दुकानदार टिकेल काय?" वर्गात लगेच दोन तट पडले. शहरातील मुलामुलींनी मोठ्या दुकानाची बाजू घेतली. तेथे भाव कमी, माल भरपूर आणि मापात खोट नाही, असे त्यांचे म्हणणे. खेड्यावरून येणाऱ्या आम्ही लहान दुकानदाराची बाजू घेतली, कारण उधारी तोच देतो आणि अडीनडीला रात्री दारही तोच उघडतो. तास संपला, पण वाद संपला नाही. जाता जाता सर एवढेच म्हणाले, "कोणते दुकान चांगले हे ठरवण्याआधी तेथे काय विकले जाते ते विचारा."

ते वाक्य माझ्या मनात राहिले. साखर विकणे वेगळे आणि विष विकणे वेगळे. ज्या वस्तूने माणसाचा जीव जाऊ शकतो ती विकणारा दुकानदार कसा असावा, हा प्रश्न घेऊन मी वाचू लागले, तेव्हा अमेरिकेतील बंदूकविक्रीचे उदाहरण समोर आले. त्या देशात बंदूक ही वस्तू गावातल्या एकट्या मालकाच्या दुकानातही मिळते आणि देशभर शाखा असलेल्या कंपनीच्या दुकानातही मिळते. एकच माल विकणारी ही दोन्ही दुकाने शेजारी ठेवून पाहता यावीत, म्हणून हा विषय निवडला आहे.

दुकानदार की पहारेकरी?

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार आधी परवाना आणि मग दुकान, असा क्रम आहे. अर्जदाराची चौकशी पोलीस करतात, परवाना जिल्हादंडाधिकारी अथवा पोलीस आयुक्त देतात, आणि तो हाती आल्यावरच मनुष्य बंदुकीच्या दुकानाची पायरी चढतो. २०१९ च्या दुरुस्तीने तर एका व्यक्तीने बाळगावयाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. म्हणजे मुख्य पहारा सरकारचा असतो आणि दुकानदाराचे काम त्यानंतरचे.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हा क्रम उलटा आहे. तेथे शस्त्र बाळगणे हा राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला हक्क समजला जातो. गिऱ्हाईक आधी दुकानात येते आणि त्याची तपासणी दुकानातच होते. पूर्वी तर तेवढाही अडसर नव्हता. सीअर्ससारख्या कंपन्यांच्या सूचिपत्रातून कपडे आणि अवजारांप्रमाणे बंदुकाही टपालाने मागवता येत. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, ती रायफल ली हार्वे ऑस्वाल्ड याने शिकागोच्या एका दुकानातून टपालाने, खोट्या नावावर मागवली होती. टपालखर्च धरून तिची किंमत २१ डॉलर ४५ सेंट पडली. विकणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंडही पाहिले नव्हते.

पुढे १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्या झाल्या आणि त्याच वर्षी बंदूक नियंत्रण कायदा झाला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यातील व्यक्तीला टपालाने बंदूक विकणे बंद झाले आणि प्रत्येक विक्रेत्याला केंद्र सरकारचा परवाना सक्तीचा झाला. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणे आवश्यक केले आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून ही तपासणी केंद्रीय यंत्रणेमार्फत तत्काळ होऊ लागली. गिऱ्हाईक एक छापील अर्ज भरते, दुकानदार माहिती कळवतो आणि बहुधा काही मिनिटांत उत्तर येते. तीन कामकाजाच्या दिवसांत निर्णय आला नाही, तर कायद्याप्रमाणे दुकानदार विक्री करू शकतो. 'करू शकतो' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. विकण्याची मुभा आहे, सक्ती नाही. या लेखाचा सगळा विचार त्या मोकळ्या जागेविषयी आहे.

भाव, माल आणि सल्ला

केवळ व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर हिशेब आपल्या पाठ्यपुस्तकातलाच आहे. मोठी कंपनी हजारो नग एकदम उचलते, म्हणून तिला भाव पाडता येतो. लहान दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून थोडाथोडा माल घेतो. नव्या बंदुकीवर त्याला नफा बेताचाच सुटतो. त्याचे पोट भरते ते जुन्या बंदुकांच्या खरेदीविक्रीवर, दुरुस्तीवर आणि किरकोळ सामानावर. दुसऱ्या राज्यातील विक्रेत्याकडून बंदूक मागवली तरी ती घरी येत नाही. ती गिऱ्हाइकाच्या भागातील परवानाधारकाकडे येते आणि तो तपासणी करून, आपले शुल्क घेऊन ती हवाली करतो. म्हणजे मोठ्या बाजारानेच लहान दुकानाला एक काम मिळवून दिले आहे.

सल्ल्याच्या बाबतीत लहान दुकान सहसा सरस ठरते. नवख्या शिकाऱ्याला कोणती बंदूक झेपेल, ती साफ कशी करावी, घरात मुले असतील तर कुलूपबंद कशी ठेवावी, हे मालक स्वतः सांगतो. मोठ्या दुकानात ज्याची पाळी असेल तो नोकर उभा असतो. काल तो दुसऱ्या विभागात असेल, उद्या तिसऱ्या. अर्थात प्रत्येक ठिकाणी असेच असते असे नव्हे. शिकारीच्या सामानाला वाहिलेल्या बास प्रो आणि कबेलाज यांसारख्या मोठ्या दुकानांतून जाणकार नोकरही असतात. (२०१७ साली या दोन कंपन्या एक झाल्या.)

येथपर्यंतचा हिशेब साखरेलाही लागू पडेल. बंदुकीचा प्रश्न याच्यापुढे सुरू होतो. बंदूक विकणाऱ्याला 'नाही' म्हणता येते काय, आणि ते तो कशाच्या जोरावर म्हणतो?

नियमाचे दुकान

मोठे दुकान 'नाही' म्हणते ते नियमाच्या जोरावर. वॉलमार्ट कंपनीचे उदाहरण पाहावे. १९९३ साली तिने जवळजवळ सर्व दुकानांतून पिस्तुलांची विक्री थांबवली. अलास्का राज्याचा काय तो अपवाद राहिला आणि तोही २०१९ मध्ये संपला. तीन दिवसांनंतर विक्रीची मुभा असली, तरी तपासणीचा स्पष्ट होकार आल्यावाचून बंदूक द्यायची नाही, असाही नियम तिने केला. २००८ साली बंदूकविक्रीचे चित्रीकरण करण्याचे मान्य केले. २०१५ मध्ये लष्करी धर्तीच्या रायफली विकणे बंद केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत १७ जणांचा बळी गेल्यावर खरेदीदाराचे किमान वय २१ केले. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासो येथे तिच्याच दुकानात हत्याकांड घडले. त्यानंतर महिनाभरात पिस्तुलाची काडतुसेही विकायची नाहीत असे तिने जाहीर केले. डिक्स स्पोर्टिंग गुड्स या कंपनीनेही २०१८ मध्ये लष्करी धर्तीच्या रायफली विकणे थांबवले आणि शिल्लक माल परत न पाठवता नष्ट केला.

तीन दिवसांच्या मुभेचे महत्त्व एका घटनेवरून कळते. जून २०१५ मध्ये चार्ल्स्टन येथील चर्चमध्ये नऊ जणांना ठार करणाऱ्या तरुणाने पिस्तूल परवानाधारक दुकानातूनच घेतले होते. तपासणीचे उत्तर वेळेत आले नाही आणि मुदत उलटल्यावर विक्री झाली. दुकानाने कायदा मोडला नाही. परंतु उत्तर येईपर्यंत थांबण्याचा नियम तेथे असता, तर ही विक्री त्या दिवशी झाली नसती.

नियमाचे बळ असे की तो एका निर्णयाने सर्व शाखांना लागू होतो आणि गिऱ्हाइकाचे तोंड पाहून वाकत नाही. परंतु त्याची दुर्बलताही त्यातच आहे, कारण नियम तोंड पाहतच नाही. १९८७ साली फ्लोरिडातील एका देशव्यापी कंपनीच्या दुकानात दारू प्यालेला एक मनुष्य रायफल घ्यायला आला. त्याचे अक्षर वाचता येईना, म्हणून नोकराने अर्ज स्वतः भरून दिला. अर्ज पूर्ण झाला, सही झाली, विक्री झाली. त्या रायफलीने त्याने एका स्त्रीवर गोळी झाडली आणि ती जन्माची अपंग झाली. दहा वर्षांनी, १९९७ साली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा विक्रीबद्दल दुकानाला जबाबदार धरता येते असा निर्णय दिला. कागद बरोबर होता. समोरचा मनुष्य मात्र कोणी पाहिला नव्हता.

ओळखीचे दुकान

लहान दुकानदार 'नाही' म्हणतो ते माणूस पाहून. याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यू हॅम्पशायर राज्यातील आहे. २००९ साली तेथे आठवड्याच्याही आत तीन जणांनी एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांत आत्महत्या केली. तिघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. तिन्ही विक्री कायदेशीर होत्या. मालकाला हे कळले तेव्हा 'माझा काय दोष' असे म्हणून तो मोकळा होऊ शकला असता. त्याने तसे केले नाही. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक आणि इतर बंदूकविक्रेते यांच्यासह तो विचाराला बसला आणि त्यातून 'गन शॉप प्रोजेक्ट' हा उपक्रम उभा राहिला. गिऱ्हाइकाला बंदुकीची काहीच माहिती नाही, ती जपण्याची पर्वा नाही, घाई फार आहे, चेहरा उतरलेला आहे, अशी लक्षणे दिसली तर विक्री करू नये, निदान लांबवावी, हे त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले. दुकानांत लावायला फलक दिले. पुढील पाहणीत राज्यातील जवळजवळ निम्म्या दुकानांत ते साहित्य लावलेले आढळले. पुढे इतर राज्यांतही असे प्रयत्न झाले.

यात खोल अर्थ आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. तशा वेळी मनातला झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. तो वेळ निघून गेला, कोणी दोन शब्द बोलले, तर मनुष्य वाचतो. अशा माणसाचा गुन्ह्यांच्या नोंदीत पत्ता नसतो. सरकारी यंत्रणा त्याच्या बाबतीत होकारच देणार. त्याला अडवू शकतो तो फक्त समोर उभा असलेला दुकानदार.

तरीही लहान दुकानाचे गोडवे गाऊन थांबता येणार नाही. २००० साली अमेरिकी सरकारच्या अहवालात असे दिसले की, गुन्ह्यांत सापडून ज्यांचा माग चालू विक्रेत्यांपर्यंत लागला अशा बंदुकांपैकी निम्म्याहून अधिक बंदुका अवघ्या १.२ टक्के विक्रेत्यांकडून गेल्या होत्या. त्यात जास्त विक्रीमुळे आलेलेही असतील, हे मान्य. पण डोळेझाक करणारेही असतात. मिलवॉकीजवळच्या एका दुकानाने २००९ साली दुसऱ्यासाठी घेत असल्याचे दिसत असतानाही एकाला पिस्तूल विकले. त्या पिस्तुलाने दोन पोलीस जखमी झाले आणि २०१५ मध्ये ज्यूरीने त्या दुकानावर सुमारे ६० लक्ष डॉलरची भरपाई बसवली. तेव्हा ओळखणारा डोळा पाहिजे तेव्हा मिटूही शकतो.

आपल्या बाजारात

मित्रमैत्रिणींनो, बंदुकीच्या दुकानाची पायरी मी कधी चढलेली नाही. पण वऱ्हाडातल्या आमच्या तालुक्याच्या गावी कृषी केंद्राची पायरी पुष्कळदा चढले आहे. तेथेही परवाना लागतो. आपला कीटकनाशक कायदाही १९६८ सालचाच आहे, हा योगायोग मला वाचताना जाणवला. आम्ही त्या वस्तूला विष म्हणत नाही, 'औषध' म्हणतो.

मी सातवीत असताना बाबांनी मला कपाशीवरचे औषध आणायला पाठवले. बाबांना वाचता येत नाही, म्हणून नाव मीच चिठ्ठीवर लिहून नेले होते. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "कोनाची पोरगी व तू? जाय, तुह्या बाले पाठव." उन्हात तीन कोस येणेजाणे फुकट गेले म्हणून मी त्याला मनात खूप शिव्या दिल्या.

त्याच दुकानदाराने दोन वर्षांनी आमच्या गल्लीतल्या एका काकांना संध्याकाळी उधारीवर बाटली दिली. फवारणीचे दिवस नव्हते. दुसऱ्या दिवशी गल्लीत रडारड झाली. तेराव्याला तो दुकानदार आला होता. बाबांजवळ बसून म्हणाला, "ओयखीचा मानूस होता. नाई कसं म्हनू?"

अमेरिकेतील सारे वाचन संपल्यावर मला ते वाक्य पुन्हा आठवले. ओळखीमुळेच त्याने मला 'नाही' म्हटले आणि ओळखीमुळेच काकांना 'नाही' म्हणता आले नाही. त्या दिवशी त्याच्या पाठीशी एखादा नियम असता, 'हंगाम नसताना उद्या सकाळी या' एवढाच, तर त्याला मान मोडून 'नाही' म्हणावे लागले नसते. नियमाकडे बोट दाखवता आले असते.

समारोप

सारांश असा की, भाव आणि माल यांसाठी मोठे दुकान चांगले, सल्ला आणि दुरुस्ती यांसाठी लहान दुकान चांगले. परंतु जीवघेणी वस्तू विकताना लहानमोठा हा भेद पुरेसा नाही. मोठ्या दुकानाला माणूस पाहणारा डोळा हवा आणि लहान दुकानाला आधार देणारा नियम हवा. ज्या विक्रेत्याजवळ दोन्ही आहेत, त्याच्याकडून घेतलेली वस्तू दोन पैसे महाग पडली तरी चालेल.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर वर्गात देता आले नव्हते, ते येथे देते. लहान दुकानदार टिकावा असे मला वाटते. पण तो उधारी देतो म्हणून नव्हे, तर वेळ आली असता तो गिऱ्हाईक परत पाठवू शकतो म्हणून.