गाणे कोणाचे?



जयंती असो, गणपती असो की लग्नाची वरात असो, आपल्या वांकिडीत गाण्याशिवाय कार्यक्रम होत नाही. गाणे कोणी गायले हे तुम्ही चटकन सांगता. पण शब्द कोणी लिहिले, असे वर्गात विचारले की फारसे हात वर येत नाहीत. म्हणून या अंकात आम्ही गाण्याच्या मालकीचा धडा घेत आहोत.

एका गाण्यात तीन हक्क असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण ते तयार करणाऱ्याचे, म्हणजे बहुधा कंपनीचे. हे हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने दिले आहेत. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे तेलंगणात आणि महाराष्ट्रात तो सारखाच लागू आहे. शब्द व चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो.

गीतरामायणाचे उदाहरण घेऊ. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक, अशी ५६ गीते प्रसारित झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. माडगूळकर १९७७ साली वारले, म्हणून शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत राहील. फडके २००२ साली गेले, म्हणून चालींवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. याउलट तुकोबांचे अभंग सर्वांचे आहेत. पण त्याच अभंगाला श्रीनिवास खळे यांनी लावलेली चाल मात्र सर्वांची नाही.

चित्रपटगीतांची गोष्ट वेगळी होती. १९७७ सालीच सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने पैसे देऊन गाणे करून घेतले आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर हक्क निर्मात्याचा. म्हणजे गाणे पुढे हजार वेळा वाजले तरी कवीला एकदा मिळालेल्या मानधनावरच समाधान मानावे लागे. २०१२ साली कायदा बदलला. कवी जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत जोरदार बाजू मांडली. आता चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजते तेवढे सोडून इतर वापराच्या रॉयल्टीत गीतकार व संगीतकार यांचा हक्क मालकाच्या बरोबरीचा आहे. दूरदर्शन वाहिन्याही त्यात आल्या. हा वाटा सही करूनही सोडता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला देता येतो. मुंबईची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही १९६९ पासूनची अशी संस्था आहे.

मालिकेत जुने गाणे वापरायचे तर निर्मात्याला गाण्याची आणि ध्वनिमुद्रणाची अशी दोन्ही परवानगी लागते. परवानगी फक्त प्रसारणाची घेतली असेल, तर डीव्हीडीसाठी ती पुन्हा घ्यावी लागते. अमेरिकेतील ‘द वंडर इयर्स’ ही मालिका १९९३ साली संपली. पण त्यातील गाण्यांच्या परवानग्यांमुळे तिच्या सगळ्या भागांची डीव्हीडी यायला २०१४ साल उजाडले. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ या मालिकेतील कित्येक गाणी तर पुढे बदलावी लागली. परवानगीचा कागद अपुरा असला की असे होते.

मग स्नेहसंमेलनात गाणे म्हणायचे की नाही? जरूर म्हणा. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक व विद्यार्थी सादर करतात आणि समोर विद्यार्थी, पालक व शाळेशी संबंधित मंडळी असतात, तेव्हा कायद्याने सूट दिली आहे. तिकीट लावून गावभर केलेल्या कार्यक्रमाला मात्र ही सूट नाही.

आता शेवटची गोष्ट. तुमच्यापैकी कोणाचे वडील, काका किंवा आजी गाणी रचत असतील, तर ती वहीत नाव व तारीख घालून लिहून ठेवा. नोंदणी केली नाही तरी हक्क रचनेबरोबरच जन्मतो, पण वही पुराव्याला उपयोगी पडते. कोणी गाणे मागितले तर कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू देऊ नका. आणि गाणे म्हणताना आधी कवीचे नाव घ्या. त्याला पैसे लागत नाहीत.

स्वाध्याय
१. वामनदादा कर्डक २००४ साली वारले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क कोणत्या वर्षाअखेर संपेल?
२. तुम्हाला पाठ असलेल्या पाच गाण्यांचे गीतकार व संगीतकार शोधून लिहा.
३. घरातील किंवा शेजारचे एखादे रचलेले गाणे रचणाऱ्याच्या नावासह वहीत उतरवा.